सत्तेचाळीस लिहिताना हात आधी कुठे जातो?

पत्र: मी सोलापुरात एम.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला आहे. वडील जॅकार्ड मागावर चादरी विणतात. घरी तेलुगू, शाळा मराठी, बाहेर हिंदी असं आमचं आहे. अमेरिकेत पीएच.डी. करणारा माझा मावसभाऊ म्हणाला, की तो मुख्य विषयासोबत ‘कॉग्निटिव्ह सायन्स’मध्ये, म्हणजे मन आणि मेंदू विचार कसा करतात या शास्त्रात, ग्रॅज्युएट मायनर (जोडविषय) करतोय. त्याने पाठवलेलं वाचून मला झपाटल्यासारखं झालंय. आमच्याकडे असं मायनर मिळतं का? गुणपत्रिकेवर येतं का? मानसशास्त्र मी कधी शिकलेले नाही. भाषाशास्त्र, मेंदूविज्ञान, तत्त्वज्ञान, एआय एवढं सगळं दोन वर्षांत कसं बसवायचं? इंग्रजी वाचायला वेळ लागतो. वडील विचारतात, याने नोकरी मिळेल का?
– एक विद्यार्थिनी, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर:

गुणपत्रिकेपासून सुरुवात करू, कारण घरी तेच आधी विचारलं जाणार. ‘मायनर: कॉग्निटिव्ह सायन्स’ अशी ओळ तुमच्या गुणपत्रिकेवर येणार नाही. नव्या शैक्षणिक धोरणात मायनरचा स्वतंत्र रकाना आहे तो पदवीला. महाराष्ट्रातल्या एम.एस्सी.च्या ८८ क्रेडिटच्या आराखड्यात मुख्य विषय, ऐच्छिक विषय, संशोधन पद्धती, ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्ट आणि संशोधन प्रकल्प असे कप्पे असतात. मायनर नाही. मावसभावाकडची गोष्ट वेगळी. अमेरिकेत ग्रॅज्युएट मायनर म्हणजे बहुतेक ठिकाणी आपल्या विभागाबाहेरचे तीन ते पाच कोर्स आणि प्रबंधाच्या समितीवर त्या विषयाचा एक माणूस. कॉर्नेलमध्ये तर पीएच.डी.ची मुलं कॉग्निटिव्ह सायन्स घेतात ते मायनर म्हणूनच. मुख्य विषय दुसरा असतो.

म्हणजे उघडून पाहिलं तर आत दोनच वस्तू आहेत: बाहेरचे थोडे कोर्स आणि बाहेरचा एक मार्गदर्शक. या दोन्ही सोलापुरात बसून जमवता येतात. ओळ येणार नाही, ऐवज येईल.

ऐवज कशाचा जमवायचा, इथे बहुतेकांची गाडी घसरते. तुमच्या पत्रातली यादी पाहा: भाषाशास्त्र, मेंदूविज्ञान, तत्त्वज्ञान, एआय. हा विषय असाच सहा कोनांत मांडला जातो. १९७८ साली अमेरिकेतल्या स्लोन फाउंडेशनसाठी तयार झालेल्या अहवालात तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, भाषाशास्त्र, कॉम्प्युटर सायन्स, मानवशास्त्र आणि मेंदूविज्ञान यांचा षटकोन काढलेला होता. तेव्हापासून तो पाठ्यपुस्तकांत फिरतोय. षटकोन बघून विद्यार्थी सहाही कोपऱ्यांना एकेकदा हात लावून येतो आणि शेवटी त्याच्याकडे सहा विषयांच्या प्रस्तावना उरतात. आमचं म्हणणं उलट आहे. आधी एक प्रश्न पकडा, आपल्याच गल्लीतला असला तर उत्तम. त्याला जे दोन-तीन कोपरे लागतील तेवढेच शिका. बाकीचे या दोन वर्षांत नाही शिकलात तरी काही बिघडत नाही.

तुमच्यासाठी एक प्रश्न आम्हीच सुचवतो, कारण तो तुमच्या घरातच आहे.

मराठीत ४७ म्हणजे सत्तेचाळीस: आधी सात, मग चाळीस. लिहिताना मात्र आधी चार, मग सात. तेलुगूत ‘नलभै एडु’, कन्नडमध्ये ‘नलवत्तेळु’. दोन्हींत चाळीस आधी, जसं लिहायचं तसंच बोलायचं. ४९ आणखी गमतीचा. तेलुगूत तो सरळ चाळीस-नऊ, मराठीत एकोणपन्नास, म्हणजे पन्नासाला एक कमी. ऐकू येतं पन्नास, लिहायचे चाळीसमधले. ही ‘एकोण’ची रांग २९ पासून ८९ पर्यंत नीट चालते आणि ९९ला नव्व्याण्णव होऊन मोडते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ अशी संख्यावाचनाची पद्धत आली तेव्हा महाराष्ट्रभर झालेला गदारोळ आठवत असेल. त्या वादाच्या मुळाशी हाच प्रश्न होता: संख्येचं नाव उलटं असल्याने मुलाला आकडा लिहिणं खरंच जड जातं का? जर्मन भाषेतही एकक आधी बोलतात आणि तिथल्या मुलांवर असा अभ्यास झालेला आहे. आकडे उलटून लिहिण्याच्या चुका तिथे ठळकपणे दिसतात. सोलापुरात तर एकाच वर्गात, कधी एकाच मुलाच्या डोक्यात, दोन्ही प्रकारच्या भाषा नांदतात. अशी जागा शोधत लोक विमानाने जातात. तुम्हाला रिक्षाने जायचंय.

आता हा प्रश्न उलगडा, म्हणजे कोणते विषय लागतात ते आपोआप दिसेल. संख्यानामांची रचना समजायला थोडं भाषाशास्त्र. चाचणी कशी आखायची, चुका कशा मोजायच्या यासाठी आकलनाचं मानसशास्त्र. आकडेवारीसाठी संख्याशास्त्र. टॅबवर मुलाने लिहिलेलं टिपायला प्रोग्रॅमिंग, ते तुमच्याकडे आहेच. मेंदूविज्ञान? या प्रश्नाला लागत नाही. ईईजीचं (मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपणारं) यंत्र मिळवण्याच्या नादात दोन सत्रं गेलेली मुलं ठिकठिकाणी भेटतात.

चाचणीचा आराखडा जरा तपशिलात देतो.

तीन गटांत २६ संख्या घ्या. पहिला गट २२, ३३, ४४ ते ८८ असा सात जोडआकड्यांचा. यात उलटापालट झाली तरी दिसणार नाही; मुलाला शब्द ओळखता येतो की नाही एवढंच कळेल. दुसरा गट जोड्यांचा: २४-४२, ३६-६३, ४७-७४, ५८-८५, २६-६२, ३७-७३, एकूण १२. तिसरा ‘एकोण’चा: २९, ३९, ४९, ५९, ६९, ७९, ८९. क्रम विस्कळीत करा. ४७ आणि ७४ लागोपाठ नकोत, दहाच्या पटीतले आकडे आणि ११ ते १९ नकोतच. सुरुवातीला चार सरावाच्या संख्या. दर संख्येला दहा सेकंद धरले तर पाच मिनिटांत काम होतं. दुसरीतली मुलं यापेक्षा जास्त वेळ नीट बसत नाहीत.

संख्या तोंडाने सांगू नका. एकाच आवाजात रेकॉर्ड करा, सगळ्या फायलींचा आवाज सारखा करा आणि हेडफोनवर ऐकवा. पूर्व भागातल्या शाळेत खिडकीबाहेर मागांची खटखट असते. ‘त्रेपन्न’ आणि ‘त्रेसष्ट’ त्यात सहज मिसळतात. मग जी चूक तुम्ही मुलाच्या आकलनाची म्हणून नोंदवाल ती खरं तर कानाची असेल.

चुकांचे प्रकार चाचणीच्या आधी कागदावर ठरवा. ‘सत्तेचाळीस’ला ७४ लिहिलं तर उलट. ‘एकोणपन्नास’ला ५९ किंवा ५१ लिहिलं तर एकोणची चूक. ‘छत्तीस’ला ४६ लिहिलं तर शब्दच ओळखला नाही. नंतर ठरवायला बसलात की प्रत्येक चूक आपल्या मनातल्या निष्कर्षाकडे ओढली जाते, हे अगदी प्रामाणिक माणसाचंही होतं.

आता खरी मजा. वहीत ४७ बरोबर लिहिलेला दिसतो, पण मुलाने तो कसा लिहिला? ‘सत्ते’ ऐकल्याबरोबर डावीकडे जागा सोडून आधी सात, मग मागे येऊन चार असं लिहिणारं मूल असू शकतं. उत्तर बरोबर, वाट वेगळी. कागदावर ही वाट पुसली जाते. म्हणून टॅबवर एक साधं पान बनवा: कॅनव्हास, त्यावर बोटाने किंवा स्टायलसने लिहायचं, प्रत्येक रेघेचा आरंभ-शेवट आणि जागा मिलिसेकंदासकट साठवायची. कॉम्प्युटर सायन्सच्या मुलीला हे आठवड्याभराचं काम आहे, आणि नुसत्या वही-पेन्सिलीच्या चाचणीत जे हाती लागत नाही ते यात लागतं. व्हिडिओची गरज नाही; चेहरे टिपले की परवानगीचं काम दुप्पट होतं.

मुलं किती? मराठी घरची आणि तेलुगू घरची अशी दोन वेगळ्या मुलांची तुलना केलीत, तर मध्यम आकाराचा फरक ८० टक्के खात्रीने पकडायला दर गटात ६४, म्हणजे १२८ मुलं लागतात. शिवाय शाळा वेगळी, शिक्षक वेगळे, घरची परिस्थिती वेगळी. फरक आला तरी तो भाषेचा असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. त्यापेक्षा तेच मूल दोनदा तपासा, एकदा मराठीत, एकदा तेलुगूत. तेवढाच फरक पकडायला ३४ मुलं पुरतात. १७ जणांना मराठी आधी, १७ जणांना तेलुगू आधी, मध्ये आठवडा. हे गणित जीपॉवर नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये स्वतः करून पाहा. फरक मध्यम असेल हे आपलं गृहीतक आहे, तो बारीक असला तर ३४ तोकडे पडतील.

यात एक खाचखळगा आहे, तो तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. घरी तेलुगू बोलणारी कितीतरी मुलं आकडे मात्र मराठीतच मोजतात. म्हणून ‘मातृभाषा कोणती’ एवढंच विचारून भागत नाही. ‘दुकानातून सुटे पैसे परत घेताना कुठल्या भाषेत मोजतोस?’ असं विचारा आणि तेलुगूत एक ते पन्नास म्हणून घ्या. जमलं तरच चाचणीत घ्या. ३४ मुलं हवीत तर निदान ६० जणांना विचारण्याची तयारी ठेवा. इयत्ताही आधी पाच-सहा मुलांवर आजमावून ठरवा: चौथीत चुकाच होत नाहीत आणि पहिलीत शब्दच येत नाहीत, असं निघालं तर दोन्हीकडे मोजण्यासारखं काही उरत नाही.

मुलं आहेत, तेव्हा परवानगी कागदावर. क्रम असा: मार्गदर्शकाच्या सहीने संस्थेच्या नीतिमत्ता समितीकडे अर्ज, मग मुख्याध्यापकांचं पत्र, मग पालकांची लेखी संमती (मराठी आणि तेलुगू दोन्हींत, सही येत नसेल तर साक्षीदारासमोर अंगठा), आणि शेवटी मुलाचा स्वतःचा होकार. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार घ्यायचा असतो. मूल मध्येच ‘नको’ म्हणालं तर थांबायचं, समजूत घालत बसायचं नाही. समितीच्या बैठका रोज नसतात. तीन महिने हाताशी धरा. हा अर्ज तिसऱ्या सत्रात सुचला तर प्रकल्प चौथ्यात संपत नाही, हे लिहून ठेवा.

आता कोर्स. यूजीसीच्या २०२१च्या नियमांनी एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयं’ या सरकारी ऑनलाइन मंचावरून करण्याची मुभा विद्यापीठांना दिली आहे. मुभा दिली म्हणजे तुमच्या विभागाने प्रत्येक कोर्स मान्य केलाय असं नव्हे. नोंदणीच्या आधी विभागप्रमुखांकडून लेखी घ्या की अमुक कोर्स अमुक ऐच्छिक विषयाच्या जागी धरला जाईल. इथे क्रेडिटचा हिशेब अडतो: ‘स्वयं’वरच्या एनपीटीईएलचा (आयआयटीवाल्यांच्या कोर्सांचा उपक्रम) १२ आठवड्यांचा कोर्स ३ क्रेडिटचा आणि तुमचा ऐच्छिक विषय ४ क्रेडिटचा असेल, तर एक क्रेडिट लटकतं. ४ आठवड्यांचा एक क्रेडिटचा कोर्स जोडून तो भरता येतो का, हे त्याच अर्जात विचारून टाका. क्रेडिट जमा व्हायला एबीसी आयडी, म्हणजे ‘अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मधला तुमचा खातेक्रमांक, लागतो. त्यावरचं, आधारवरचं आणि विद्यापीठातलं नाव एकसारखं आहे ना, तेही आजच बघा. आडनाव आधी की नंतर, एवढ्यावरून क्रेडिट अडकतात.

एनपीटीईएलचे कोर्स फुकट आहेत, पण परीक्षेची नोंदणी वेगळी करावी लागते आणि तिचं शुल्क हजार रुपयांच्या घरात असतं. कोर्सला नाव घातलं म्हणजे परीक्षेलाही घातलं असं समजून बसणारे दर सत्रात असतात. गुणांचा हिशेबही समजून घ्या. असाइनमेंटला २५, परीक्षेला ७५. प्रमाणपत्राला असाइनमेंटमध्ये किमान १० आणि परीक्षेत किमान ३० लागतात. १२ आठवड्यांच्या कोर्सात उत्तम आठ असाइनमेंट धरतात. समजा तुम्ही तीनच दिल्या, तिन्हींत पैकीच्या पैकी. आठांतून तीन म्हणजे साडेसदतीस टक्के, २५पैकी ९.३७५. गेलं प्रमाणपत्र, मग परीक्षेत ७० का पडेनात. चार दिल्या तर साडेबारा, वाचलात. मुदत टळली की असाइनमेंट घेत नाहीत, म्हणून शेजारच्या लग्नाच्या आठवड्यात काय करणार याचा विचार आधीच करा.

कोणते कोर्स? या सत्रात आकलन-मानसशास्त्राचा एक. आयआयटी कानपूरच्या प्राध्यापकांचे या विषयावरचे कोर्स एनपीटीईएलवर आहेत, सुरुवातीला तेच घ्या. पुढच्या सत्रात भाषाशास्त्राची ओळख. संख्याशास्त्रासाठी वेगळा कोर्स घेण्याआधी तुमच्याच अभ्यासक्रमातला संशोधन पद्धतीचा पेपर नीट वापरा. त्यातलं पाठ करून ओकायचं प्रकरण इथे खऱ्या कामाला येतं. सरासरी, प्रमाण विचलन, जोडीतली टी-चाचणी (त्याच मुलांच्या दोन वेळच्या गुणांतला फरक तपासणारी) एवढं हाताने सोडवता आलं पाहिजे. नंतर ‘आर’ ही आकडेवारीची संगणकभाषा. एका सत्रात एकच जादा कोर्स. आठवड्याला सहा तास लागतात आणि तुमची २२ क्रेडिट आधीच आहेत.

भाषेच्या अंगाने बोलायला माणूस हवा असेल तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्राचा जुना विभाग आहे. हैदराबादही आपल्याला फार लांब नाही: तिथल्या विद्यापीठात न्यूरल अँड कॉग्निटिव्ह सायन्सेसचं केंद्र आहे, ट्रिपल आयटीत कॉग्निटिव्ह सायन्सची लॅब आहे. पण सहमार्गदर्शक आधी सोलापुरात शोधा, एखाद्या कॉलेजच्या मानसशास्त्र विभागात. चाचण्या घेण्याची शिस्त त्या लोकांच्या हातात बसलेली असते. कोडवाल्यांना ती सहसा नसते.

ही शिस्त लागावी म्हणून खऱ्या प्रकल्पाआधी तीन आठवड्यांचा एक सराव करा: स्ट्रूपचा प्रयोग, १९३५चा. ‘लाल’ हा शब्द निळ्या रंगात लिहिलेला असतो. शब्द न वाचता रंग सांगायचा. वाचन इतकं अंगवळणी पडलेलं असतं की ते थांबवता येत नाही आणि उत्तराला उशीर होतो. सायकोपाय हे मोफत सॉफ्टवेअर पायथॉनमध्येच आहे, तुम्हाला परकं वाटणार नाही. मात्र मराठीत करताना दोन गोष्टी फसतात. एक, पडद्यावर देवनागरी नीट जुळत नाही तेव्हा पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. निळा, हिरवा, पिवळा, तिघांनाही पहिली वेलांटी आहे. फक्त ‘लाल’ शाबूत राहतो. म्हणजे चारांतले तीन शब्द वाचायला अवघड आणि एक सोपा, प्रयोग तिथेच वाया. उपाय सोपा आहे: शब्द चित्र म्हणून, पीएनजी फायली करून दाखवा. दुसरं, निळा-निळी-निळं असं लिंगाप्रमाणे बदलतं, लाल बदलत नाही. एकच रूप ठरवा आणि सूचनेतही तेच वापरा.

६० हर्ट्‌झच्या पडद्यावर चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी बदलतं, तेव्हा ३ मिलिसेकंदांच्या फरकावरून निष्कर्ष काढू नका. आणि कृपा करून गूगल फॉर्म व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून ‘प्रतिसादाचा वेळ’ मोजू नका. फॉर्म मिलिसेकंद मोजत नाही, आणि ग्रुपवर उत्तर देणारा त्या वेळी चहा पीत असतो.

वाचनाबद्दल. मराठी पुस्तकांत याच विषयाला कुठे बोधन, कुठे संज्ञान, कुठे आकलन म्हटलेलं दिसतं; परिभाषा अजून बसलेली नाही, म्हणून इंग्रजी संज्ञा तशाच उचला आणि समोर मराठीत एक वाक्य स्वतःचं लिहा. शोधनिबंध पहिल्या ओळीपासून वाचू नका. आधी आलेख. आलेखातल्या उभ्या आणि आडव्या अक्षावर काय आहे ते मराठीत सांगता आलं, की ‘पद्धत’ हा भाग वाचा. प्रस्तावना शेवटी, जमली तर. आठवड्याला एक निबंध पुरे.

एक गोष्ट मात्र तत्त्वज्ञानाच्या कोपऱ्यातली असूनही घ्याच, कारण एआय म्हणजेच कॉग्निटिव्ह सायन्स हा गोंधळ तिने सुटतो. डेव्हिड मार यांच्या १९८२च्या पुस्तकात तीन पातळ्या सांगितल्या आहेत. ही कल्पना वडिलांच्या मागावर बघा. चादरीवर मोर यायचा आहे, तोच का आणि कसा दिसायचा, ही पहिली पातळी. तो मोर येण्यासाठी कोणत्या ओढीला कोणते उभे धागे उचलायचे, हा कार्डांवर भोकांनी लिहिलेला क्रम, ही दुसरी. तो क्रम पार पाडणारं लोखंड-लाकडाचं यंत्र, ही तिसरी. कार्डाचं जॅकार्ड काढून इलेक्ट्रॉनिक बसवलं तरी मोर तोच येतो: तिसरी पातळी बदलली, पहिल्या दोन तशाच. आता उलट विचार करा. एखादा प्रोग्रॅम ४७ अचूक लिहितो आणि दुसरीतलं मूलही लिहितं. पहिल्या पातळीवर दोघं सारखे. पण प्रोग्रॅम कधी ७४ लिहीत नाही आणि मूल लिहितं. तुमचा प्रकल्प सगळा दुसऱ्या पातळीवरचा आहे. मुलाची चूक हीच तिथे साक्ष. अचूकतेचा टक्का वाढवायची सवय लागलेल्या कॉम्प्युटरवाल्यांना हे पचायला वेळ लागतो.

वडिलांच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: ‘कॉग्निटिव्ह सायंटिस्ट हवा’ अशी जाहिरात क्वचित दिसते. नोकरी तुम्हाला कॉम्प्युटर सायन्सच मिळवून देईल. या जोडकामाचा उपयोग होतो तो यूएक्स (वापरणाऱ्याचा अनुभव) संशोधन, भारतीय भाषांचा आवाज आणि मजकूर हाताळणाऱ्या कंपन्या, मुलांच्या शिक्षणाची अ‍ॅप, चाचण्या तयार करणाऱ्या संस्था अशा ठिकाणी. तिथे मुलाखतीत गुणपत्रिकेपेक्षा ‘३४ मुलांवर मी हे मोजलं, हा कोड, ही चुकांची वर्गवारी, इथे माझा अंदाज फसला’ हे जास्त बोलतं. कॉलेजात शिकवायचं असेल तर मात्र मुख्य विषय आणि नेट कॉम्प्युटर सायन्सचीच, त्यात तडजोड नको. पुढे याच विषयात शिरायचं ठरलं तर आयआयटी कानपूर, आयआयटी गांधीनगर, अलाहाबाद आणि हैदराबाद विद्यापीठ ही दारं आहेत. प्रवेशाच्या अटी प्रत्येकाच्या निराळ्या आणि बदलत्या. त्या त्यांच्याच माहितीपत्रकात बघा, क्लासवाल्यांच्या पत्रकात नको.

आणि हो, हा विषय पूर्ण वेळ न घेता जोडून घेणं कमीपणाचं मानू नका. २०१९ साली ‘नेचर ह्युमन बिहेविअर’मध्ये एक लेख आला होता: सहा विषयांची एकसंध शाखा होणार होती, ती झालीच नाही आणि मानसशास्त्राचाच वरचष्मा राहिला, असा त्याचा सूर. त्यावर वाद झाला, अजून आहे. पण त्या वादाकडे पाहिलं तर एका विषयात पक्के पाय रोवून दुसऱ्याकडे हात पुढे करणारा माणूस या क्षेत्राला नकोसा नाही, एवढं नक्की दिसतं.

या आठवड्यात विभागप्रमुखांना द्यायच्या अर्जाचा मजकूर खाली देतो. अर्ध्या पानावर बसवा, दोन प्रती काढा आणि एका प्रतीवर तारखेसह पोच घ्या.

‘मी एम.एस्सी. भाग १ची विद्यार्थिनी. संशोधन प्रकल्पासाठी “मराठी व तेलुगू संख्यानामे आणि इयत्ता दुसरीतील मुलांचे अंकलेखन” हा विषय घेऊ इच्छिते. त्यासाठी (१) सोबत जोडलेला १२ आठवड्यांचा स्वयं-एनपीटीईएल कोर्स पुढील सत्रातील ऐच्छिक विषयाच्या जागी ग्राह्य धरावा व क्रेडिटमधील फरक कसा भरावा ते लेखी कळवावे. (२) मानसशास्त्र विभागातील प्राध्यापकांना सहमार्गदर्शक नेमण्यास अनुमती द्यावी. (३) नीतिमत्ता समितीच्या पुढील बैठकीची तारीख कळवावी, ही विनंती.’